खोळीच्या आत

शनिवारी संध्याकाळी एचएसआर लेआउटच्या २७व्या मेन रोडवरच्या एखाद्या गाद्यांच्या शोरूममध्ये शिरून बघा. एरवी परक्यांसमोर पाय पसरून बसायलाही संकोचणारी मंडळी तिथे लखलखीत दिव्यांखाली चक्क उताणी पडलेली असतात. पायथ्याशी प्लॅस्टिकचा तुकडा अंथरलेला, त्यावर बूट. हात पोटावर, नजर फॉल्स सीलिंगकडे. डोक्याशी टॅब घेऊन उभा असलेला मुलगा अदबीनं विचारतो, "कैसा लग रहा है, सर?" सर दहा सेकंद विचार करतात आणि म्हणतात, "अच्छा है." मग पुढची गादी. तीही अच्छी. बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधून तासभर क्लच दाबत आलेल्या माणसाला आडवं व्हायला मिळालं, की कुठलीही गादी अच्छीच वाटणार.

यंदाच्या अंकाचा विषय 'झोप' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हाच मी ठरवलं की स्वप्नं आणि निद्रानाश इतरांना लिहू द्यावेत, आपण झोपेच्या खाली काय असतं ते बघावं. त्याला कारण माझं गाव. भारतातल्या गादीच्या धंद्यातली काही मोठी नावं बेंगळुरूची आहेत आणि जुन्या-नव्या सगळ्या तऱ्हेच्या गाद्या इथे एका रिक्षाच्या अंतरात बघायला मिळतात.

शोरूममध्ये उभी राहून मी गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकत होते. किंमत, वॉरंटी, हप्ते, सोबत उशा किती मिळणार, डिलिव्हरी कधी. आत काय भरलंय, हे कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं. "थ्री लेयर है मॅडम, ऑर्थो." थर कशाचे? "डॉक्टर रेकमेंडेड." कुठल्या डॉक्टरनं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण मुलगा चांगला होता. मागे जाऊन त्यानं पावाच्या लादीएवढा कापलेला नमुना आणून दिला. वर दोन बोटं जाडीचा पांढरा मऊ फोम, खाली निळसर फोम आणि मध्ये लाल, हिरव्या, पिवळ्या, करड्या तुकड्यांचा दाबून केलेला, टेराझोच्या फरशीसारखा दिसणारा थर. हा रिबॉन्डेड फोम. फोम कापताना उरलेले तुकडे चिकटद्रव्यात घोळवून, वाफ आणि दाब देऊन त्याचे ठोकळे करतात. तो टणक असतो, स्वस्त पडतो आणि लवकर बसत नाही. 'ऑर्थो' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाद्यांचा कणा हाच असतो. त्यात फसवणूक आहे असं नाही. मात्र गिऱ्हाइकाला दाखवतात ती पांढरी बाजू.

काथ्या आणि चीक

हा धंदा बेंगळुरूत कसा रुजला, याचं उत्तर घाट उतरून खाली गेल्यावर मिळतं. पश्चिम किनाऱ्यावर नारळ आणि रबर शेजारी-शेजारी वाढतात. नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि रबराच्या झाडाचा चीक यांचं लग्न लावलं, की रबराइज्ड कॉयरची गादी तयार होते. मणिपालच्या पै घराण्याशी नातं असलेल्या 'कर्लऑन'नं १९६२ मध्ये या धंद्यात पाय ठेवला आणि बेंगळुरूत मुख्यालय थाटलं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, केरळातल्या आलप्पुळात 'ड्युरोफ्लेक्स' सुरू झाली. आलप्पुळा म्हणजे काथ्याची पंढरीच. आज तिचंही मुख्यालय बेंगळुरूत आहे.

या गादीची करामत काथ्याला वळण लावण्यात आहे. काथ्या मुळात सरळ असतो, दाबला तर दबूनच राहतो. म्हणून आधी त्याचा पीळदार दोर वळतात, पीळ मुरू देतात आणि मग दोर पुन्हा पिंजून सोडवतात. आता प्रत्येक धागा कुरळा झालेला असतो, इवल्याशा स्प्रिंगसारखा. त्यावर चिकाचा फवारा मारून तो वाळवतात, थरावर थर रचून तापलेल्या दाबयंत्रात घालतात. उष्णतेनं चीक पक्का होतो आणि धागे एकमेकांना जिथे जिथे शिवतात तिथे चिकटतात. मधल्या पोकळ्यांतून हवा खेळती राहते. १९७०-८०च्या दशकांत मुंबई-पुण्याच्या नव्या फ्लॅटांत कापसाची गादी जाऊन 'कॉयरची गादी' आली, तेव्हा ती पुढारलेपणाची खूण होती. लग्नात मुलीला गोदरेजचं कपाट आणि कॉयरची गादी दिली, की बापानं हात आखडता घेतला असं म्हणायची सोय नसे.

मग फोम आला आणि सगळं बदललं. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. दोन मुख्य द्रव मिसळले की मिश्रण फसफसून वर येतं, त्याचा लांबलचक ठोकळा होतो आणि तो हव्या त्या जाडीत कापता येतो. शिवाय फोम चेपून, हवा काढून, गुंडाळून खोक्यात भरता येतो. काथ्याच्या गादीची अशी वळकटी होत नाही. खोक्यात मावते म्हणून गादी कुरिअरनं जाऊ लागली आणि शोरूमचं भाडं वाचलं. अंकित गर्ग आणि चैतन्य रामलिंगेगौडा यांनी २०१६ मध्ये बेंगळुरूत 'वेकफिट' काढली ती या बेतावर. २०२३ मध्ये 'स्लीपवेल'वाल्या शीला फोमनं 'कर्लऑन'च विकत घ्यायचं ठरवलं. काथ्यावाल्यांचं जुनं नाव फोमवाल्यांच्या घरात गेलं.

वेकफिटची जाहिरातबाजी इथल्या हवेला शोभणारी. रोज रात्री ९ तास, सलग १०० रात्री झोपण्याचे १ लाख रुपये देणारी 'स्लीप इंटर्नशिप' तिनं २०१९ मध्ये जाहीर केली आणि अर्जांचा पाऊस पडला. मे २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना दुपारी २ ते २.३० डुलकीची अधिकृत मुभा दिली, त्याचीही देशभर बातमी झाली. यात बातमी कसली, हे कुठल्याही पुणेकर दुकानदाराला विचारावं.

कडक म्हणजे चांगली?

माझ्या एका मैत्रिणीची आई सांगलीहून इथे राहायला आली. लेकीच्या घरातली मऊ गादी पहिल्याच रात्री नापास. "असल्या चिखलात झोपून पाठीचं खोबरं होणार तुमचं," असं म्हणून काकूंनी खाली सतरंजी अंथरली. पाठदुखीवर लाकडी फळी हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. हाडांचे डॉक्टरही एके काळी तेच सांगत.

या समजुतीची नीट परीक्षा झाली ती स्पेनमध्ये. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गादी दिली. कुणाकडे कुठली, हे झोपणाऱ्यालाही सांगितलं नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. ९० दिवसांनी पाहिलं तर अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची अडचण, तिन्ही बाबतींत मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त उतार पडला होता. 'लॅन्सेट'मध्ये २००३ साली हे छापून आलं. म्हणजे काकूंचं निम्मं बरोबर होतं. चिखल वाईटच. पण फळी हा त्यावरचा उतारा नव्हे.

कारण साधं आहे. कुशीवर झोपलं की खांदा आणि कंबरेचं हाड पुढे येतात. त्यांना थोडं रुतायला जागा मिळाली तरच कणा मानेपासून माकडहाडापर्यंत एका रेषेत राहतो. गादी दगडासारखी असेल, तर सगळा भार त्या दोन ठिकाणी येतो, हात बधिर होतो आणि माणूस रात्रभर कुशी बदलत राहतो. ती फार मऊ असेल, तर कंबर खाली जाते आणि कण्याची झोळी होते. उताणं झोपणाऱ्यानं कंबरेखाली तळहात सारून बघावा. हात मोकळाच फिरला तर गादी जरा जास्त कडक, शिरायलाच तयार नसेल तर जास्त मऊ. पालथं झोपणाऱ्याला इतरांपेक्षा थोडी कडक लागते, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते.

आणि वजन! याचा विचार शोरूममध्ये कुणीच करत नाही. ५० किलोच्या बाईला जी गादी फळीसारखी वाटते, तीच ९० किलोच्या नवऱ्याला मऊ लागते. 'मिडियम फर्म' हे छापील शब्द कुणाच्या वजनाला धरून लिहिलेत, ते कुठेच लिहिलेलं नसतं. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचंही तेच. तो छापण्यासाठी गादीला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही.

वयस्करांच्या बाबतीत तर मऊ-कडकाच्या आधी उंची बघावी. नव्या पलंगांना आतून स्टोरेज असतं, त्यावर ८-१० इंचांची गादी ठेवली की बसल्यावर पाय अधांतरी लोंबतात. रात्री बाथरूमला उठायचं म्हणजे गडावरून उतरणं. गादीच्या काठावर बसून बघावं, काठ दबून घसरायला होत नाही ना, आणि पावलं जमिनीला टेकतात ना. पलंग उंच असेल तर ५-६ इंचांची गादी पुरते. जाडी जास्त म्हणजे आराम जास्त, हे गणित विकणाऱ्याचं.

काट्यावरची गादी

फोममध्ये खरं बघायचं ते घनता. एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे, तो आकडा. खाली भार सोसणाऱ्या थराची घनता ३२ किंवा त्याहून जास्त असावी. १६-१८चा फोम दुकानात हाताला छान लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत जिथे झोपता तिथे खळगा पाडून मोकळा होतो. घनता आणि कडकपणा एक नव्हे. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. कडकपणा आज कळतो, घनता पाच वर्षांनी.

आकडा सांगत नसतील, तर काढता येतो. ७२ बाय ६० इंचांची, ६ इंच जाडीची गादी म्हणजे साधारण ०.४२ घनमीटर. पूर्ण ३२ घनतेच्या फोमची असेल तर ती साडेतेरा किलोच्या आसपास भरेल, १८ची असेल तर जेमतेम साडेसात. ऑनलाइन मागवलेल्या गादीच्या खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी असते आणि तिच्यावर वजन असतं. शोरूममध्ये निदान एक कोपरा उचलून बघावा. लोक हसतील, हसू द्यावं. भाजी घेताना आपण वांगंसुद्धा हातात घेऊन जोखतो. मात्र रिबॉन्डेडचा थर असेल तर वजन आपोआप वाढतं. म्हणून आधी थर विचारायचे, मग वजन.

मेमरी फोमची कथा सगळे विक्रेते सांगतात, 'नासा टेक्नॉलॉजी'. ती बरीचशी खरी आहे. १९६६ मध्ये नासाच्या कामासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांना धक्के शोषणारी गादी हवी म्हणून तो फोम बनवला. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो आणि शरीराचा साचा घेतो. ऊब लागते म्हणूनच थंडीत तो कडक वाटतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. डिसेंबरातल्या पहाटे इथली मेमरी फोमची गादी ताठ होऊन बसते. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तीच गादी अंगाला चिकटून ऊब धरून ठेवते. त्यामुळे बेंगळुरूच्या मित्राला लाभली म्हणून जळगावच्या मामांनी तीच मागवू नये.

लॅटेक्स म्हणजे रबराचाच चीक, पण फेसलेला. अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेटून साच्यात ओतायचा आणि वाफेवर पक्का करायचा. ही डनलॉप पद्धत १९२९ची. देशातलं बहुतेक नैसर्गिक रबर केरळचं, त्यामुळे दक्षिणेत या गाद्या जोरात. रुततात आणि लगेच वर येतात, गरम होत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. किंमत मात्र घाम फोडते आणि ७२ बाय ६०ची पूर्ण लॅटेक्सची गादी ३०-३५ किलो भरते, चादर खोचायलाही दोन माणसं लागतात. 'नॅचरल लॅटेक्स' लिहिलेल्या गादीत नैसर्गिक चीक किती आणि कृत्रिम किती, वरचा एकच इंच लॅटेक्सचा आणि खाली सगळा साधा फोम तर नाही, हे झिप उघडूनच कळतं. झिप नसेल, तर कापलेला नमुना मागायचा.

स्प्रिंगच्या गाद्यांत एकच गोष्ट विचारावी. स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या आहेत, की प्रत्येक वेगळ्या कापडी पिशवीत? बांधलेल्या असतील तर नवऱ्यानं कूस बदलली की बायकोला होडीत बसल्यासारखं होतं. पिशवीतल्या स्प्रिंगांची कल्पना जेम्स मार्शल यांची, १८९९ सालची. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तोडगा शोरूममध्ये अजून 'नवं तंत्रज्ञान' म्हणून मिरवतो.

कॉटनपेट

बेंगळुरूच्या मॅजेस्टिक भागाच्या दक्षिणेला जुन्या पेठा सुरू होतात. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची आणि कॉटनपेट अर्थातच कापसाची. शोरूममधून निघून मी तिथे गेले ते कापसाची गादी अजून कोण भरतं, हे बघायला. भरतात. दहा बाय बाराची खोली, मागे पिंजायचं मशीन, पुढे फरशीवर गादीपाटाचे पट्टेरी तागे आणि हवेत उडणारा कापूस. मालक विजयपूरकडचे, पिंजाऱ्याचा धंदा बाप-आज्यापासूनचा. भुवयांवर कापूस बसून साठीचे चाचा ऐंशीचे दिसत होते. वडील खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली फिरत, ते यांनी लहानपणी पाहिलेलं.

शोरूममध्ये विचारलेलाच प्रश्न इथे विचारला, आत काय? चाचांनी ढिगातून बोटभर कापूस उपटला, काडी ओढली आणि पेटवला. कागद जळल्याचा वास आला. बोटांत चुरडल्यावर राखेची पूड झाली. मग कोपऱ्यातल्या, कुणीतरी दुरुस्तीला टाकलेल्या रेडिमेड गादीतून तसाच पुंजका ओढून पेटवला. तो आकसला, वितळला आणि काळा टणक मणी होऊन बसला. "ये पॉलिस्टर," ते म्हणाले. "हमारा काम खुल्ला है, अक्का. अंदर क्या डाला, तुमारे सामने डाला."

तेवढ्यात पोऱ्यानं एक गादी भरायला घेतली. खोळ उलटी करून अंथरली, तिच्यावर पिंजलेला कापूस हातानं थराथरानं रचला, कोपऱ्यांना मूठभर जास्त. मग एका टोकाकडून खोळ आणि कापूस मिळून गुंडाळत नेलं आणि तोंडातून उलटवून बाहेर काढलं. खोळ सुलटी, कापूस आत. जादूचा प्रयोग बघावा तसं मी बघत राहिले. वर काठीनं झोडपून कापूस सारखा केला. मग दाभण घेऊन वीतवीतभर अंतरावर आरपार टाके. हा टाका नसेल तर कापूस एकीकडे गोळा होतो. सगळं मिळून तासाभराचं काम आणि त्या तासात गिऱ्हाईक समोरच्या बाकावर चहा पीत बसलेलं.

कापसाच्या गादीच्या आठवणीनं गळा काढायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती मला पटत नाही. वर्ष-दीड वर्षात ही गादी बसते, मधोमध खड्डा पडतो, दमट हवेत जड होते, उन्हात घातली नाही तर वास मारते. ऊन घालायला गच्ची लागते आणि इथल्या अपार्टमेंटांत गच्चीच्या दाराला असोसिएशनचं कुलूप. कंबरदुखीच्या माणसाला तिची शिफारस मी करणार नाही. पण फोमची गादी बसली की संपली. ही दोन-तीन वर्षांनी उसवून, पिंजून, थोडा नवा कापूस घालून पुन्हा उभी राहते. आणि ती घेणाऱ्याला आपण कशावर झोपणार आहोत हे ठाऊक असतं. चाचांकडे आता मुख्य काम उशांचं आणि बाळंतिणींच्या, बाळांच्या दुपट्या-गाद्यांचं. मोठी गादी महिन्यातून थोडी.

शंभर रात्री

घरी नेऊन १०० रात्री झोपा, नाही पटली तर पैसे परत, ही सोय ऑनलाइन कंपन्यांनी आणली आणि ती खरोखर चांगली आहे. शरीराला नव्या गादीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दहा सेकंद पडून जे कळत नाही, ते महिन्याभरात सकाळी उठल्यावर पाठ सांगते. शोरूममध्येच घ्यायची असेल, तर लाज सोडून पंधरा-वीस मिनिटं पडावं, रोज झोपतो त्याच कुशीवर, आपली उशी घेऊन. पण सवलत वापरायची तर पावती आणि वेष्टण ठेवावं लागतं आणि पलंगाएवढं धूड परत पाठवण्याचा कंटाळा यायच्या आत कळवावं लागतं.

वॉरंटीचं निराळं. १० वर्षं हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, अटी बारीक. खड्डा पडला तर बदलून देतात, पण किती खोल ते ठरलेलं असतं, बहुधा इंचभर, आणि तो मोजायचा वर कुणी झोपलेलं नसताना. चहाचा डाग पडला की वॉरंटी गेली. म्हणून गादीबरोबर पहिल्या दिवशी पाणी न झिरपणारी खोळ घ्यावी, खास करून लहान मूल असेल तर. गादीखाली काय आहे, यावरही वॉरंटी अवलंबून. पट्ट्यांच्या पलंगावर पट्ट्यांमधल्या फटी रुंद असतील, तर चांगल्यात चांगला फोम त्यात बसतो आणि दोष गादीला लागतो.

मापात तर हमखास घोळ. सुताराकडून करवलेले आपले पलंग ७२ इंची असतात, नवे ७८. गादी मागवण्याआधी पलंगाची आतली मापं टेपनं घ्यावीत, 'किंग' आणि 'क्वीन' या शब्दांवर विसंबू नये. घरात कुणी सहा फुटांच्या आसपास असेल तर ७२ नकोच.

आणि जुनी गादी? ती कोण नेणार, हा या शहरातला अवघड प्रश्न. बेंगळुरूत कचरा वेगवेगळा करून द्यावा लागतो, गादी त्यात बसत नाही. रोजची कचरागाडी तिला हात लावत नाही. मग रात्री ती रिकाम्या प्लॉटच्या कडेला जाते आणि पावसात फुगून बसते.

आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यानं नवी गादी घेतली, तेव्हा आठ वर्षांची जुनी वॉचमननं मागितली. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "कितना बाय कितना?" ७२ बाय ६०. त्याच्या केबिनमधली कॉट ७२ बाय ३०. बेसमेंटमध्ये गादी आडवी पाडली, हॅक्सॉचं पातं आणलं आणि बरोबर मधोमध कापली. खोळ फाटली तशी आतली बाजू दिसली. वर एक इंच पांढरा, खाली एक इंच निळा आणि मध्ये लाल-हिरव्या-पिवळ्या तुकड्यांचा तोच ओळखीचा थर. शेजारी वाकून बघत राहिले. लेबलवर 'ऑर्थो लक्झरी' होतं. "ह्याच्यावर झोपत होतो होय आम्ही!" असं म्हणून त्यांनी फोनवर एक फोटो काढला. वॉचमननं एक अर्धुक उचलून खांद्यावर टाकलं, दुसऱ्याला पायानं भिंतीकडे सारलं आणि सांगितलं, हे रात्रपाळीवाल्याचं.